डॉक्टरांचा अबोला

सुरतेजवळच्या चलथाणला उसाचं गाळप सुरू झालं की ते हमरस्त्यावरच कळतं. कारखाना दिसायच्या आधी मळीचा वास येतो, गोड आणि कुजका दोन्ही एकदम. बसमधले लोक नाकाला रुमाल लावतात. कंडक्टर लावत नाही, कारण त्याच्या नाकाने तो वास कधीच सोडून दिलेला असतो. परवा एका साखरपुड्याला तिकडे जाताना मीही रुमाल काढला नाही. मला तो वास आवडतो असं नाही, पण मी ज्या बाईंच्या हाताखाली काम शिकले त्यांना तो आवडायचा. ऊसतोड्यांच्या पडावावर आम्ही कधी कधी रविवारी दुपारी औषधं घेऊन जायचो, तेव्हा त्या रिक्षाचा पडदा बाजूला सारून तोंड बाहेर काढायच्या आणि म्हणायच्या, साखर होण्याआधी असाच वास येतो बघ. त्यांना कशातही काहीतरी दिसायचं. मला मळी दिसायची. साखरपुडा नीट पार पडला, जेवणही बरं होतं, पण येताना मनात त्या आणि त्यांचे डॉक्टर यजमान हेच दोघं होते. आठवणी उगाळत बसायचा माझा स्वभाव नाही. मात्र काही गोष्टी आपल्या डोक्यात अशा जागा अडवून बसतात की एकदा त्यांना बाहेर काढून नीट मांडल्याशिवाय बाकीची कामं सुचत नाहीत. तुमचंही असं होत असेल.

त्यांचा दवाखाना सुरतेत बमरोलीला होता. खाली दोन खोल्यांत दवाखाना, वर त्यांचं बिऱ्हाड, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना कापडाच्या मागांचे कारखाने. मी लग्न होऊन धुळ्याकडून त्या गल्लीत आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं की कुठूनतरी मोठी गाडी येते आहे आणि अजून पोचत नाही. नंतर कळलं, ते माग. ते थांबत नाहीत. माणसं त्या आवाजावरून ओरडून बोलतात, आणि आठवड्याच्या सुट्टीला माग बंद झाले तरी ओरडूनच बोलतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळी गल्ली भांडते आहे असं वाटतं. आमच्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरं खानदेशातली. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, दुकानात गुजराती. डॉक्टर आणि बाई दोघंही तिकडचेच, पण बरीच वर्षं शिकण्यात गेल्यामुळे त्यांची भाषा पुस्तकासारखी झाली होती. लोक बाईंना दाक्तरबेन म्हणायचे. दोघंही ख्रिस्ती आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते कुणाशी त्याबद्दल बोलत नाहीत हेही.

माझ्या सासूचा यावर विश्वास नव्हता. तिला खोकला जडला, वजन उतरलं, म्हणून मी तिला ओढत तिथे नेलं, तर ती पायरीवरच बसली. तठे जाऊ नको, बाटाडी टाकतीन तुले, असं मलाच समजवायला लागली. आजारी ती होती हे विसरून. शेवटी बाई बाहेर येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांनी तिला तिच्या गावाचं नाव विचारलं. सासूला क्षय निघाला. मग रोज सकाळी बाईंच्या समोर गोळ्या गिळायच्या, असे कितीतरी महिने गेले. बरी होत आली तेव्हा तिची तक्रार भलतीच होती. एका सकाळी ती मला म्हणाली, "इतला दिन व्हयनात, मले एकदा बी इचारं नही त्यासनी, तू आमना धर्ममा येस का म्हणीसन. मी काय इतली वाईट शे का?" हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की हातातला कापूस खाली पडला. त्याच आठवड्यात त्यांनी मला कामाला ठेवून घेतलं. पट्ट्या बांधणं, सुया उकळणं, ताप बघणं, सगळं मी तिथेच शिकले. आज अमरोलीतल्या एका प्रसूतिगृहात मी मुलींना जे शिकवते ते त्यांच्याच हातचं आहे.

त्या दोघांचाही जन्म ख्रिस्ती घरातला नव्हता. शेतकऱ्यांची, सणवार पाळणारी घरं. बाईंनी ही हकिकत मला कापसाचे बोळे करता करता थोडी थोडी सांगितली, कारण त्या एका जागी बसून स्वतःबद्दल बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. डॉक्टरकी संपवून त्या तिकडच्याच एका मिशन दवाखान्यात कामाला लागल्या होत्या, तेही जवळ पडतं म्हणून. तिथे एक भाजलेली बाई आली आणि चार दिवसांनी गेली. सासरचं कुणी आलं नाही, माहेरचंही नाही. एका म्हाताऱ्या नर्सने त्या प्रेताला कोमट पाण्याने पुसलं, उरलेल्या केसांतून कंगवा फिरवला, भांग पाडला, आणि हे करताना ती त्या मेलेल्या बाईशी बोलत होती. जरा मान वळव गं, झालंच हं. बाईंनी विचारलं, आता हे कशाला? ती नर्स म्हणाली, "हिच्याकडे कुणी नीट पाहिलंच नाही. आता जो पाहणार आहे त्याच्यापुढे अशी कशी पाठवू?" बाई म्हणायच्या, माझ्या श्रद्धेची एवढीच गोष्ट आहे, याच्यापुढे मला कुणी काही समजावून सांगितलं नाही आणि मला लागलंही नाही. पुढे बाप्तिस्मा झाला. माहेरचं दार बंद झालं, ते त्यांची आई आजारी पडेपर्यंत उघडलं नाही.

डॉक्टरांनी लग्न बाईंशी केलं, त्यांच्या देवाशी नाही. हे ते स्वतःच सांगायचे. ते उंच, किडकिडीत, वाद घालण्यात पटाईत. त्याच मिशन दवाखान्यात दोघांच्या लक्षात आलं होतं की छातीचे सगळ्यात वाईट पेशंट सुरतेहून येतात. मागावर वर्षानुवर्षं खोकायचं, उठवेना झालं की गाडीत बसून गावी यायचं, आणि गावी पोचेपर्यंत करण्यासारखं काही उरलेलं नसायचं. बाईंच्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, वाटत होतं की हे जोडपं सेवेसाठी डांगाच्या रानात जाईल. बाई म्हणाल्या, आपली माणसं जिथे आजारी पडतात तिथेच जाऊन बसू. डॉक्टरांना यात देवाचं बोलावणं वगैरे काही दिसलं नाही. हिशेब बरोबर आहे एवढं दिसलं, आणि ते आले. रविवारी बाईंना उपासनेला सोडायचं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसायचं, हा त्यांचा क्रम. एका रविवारी टपरी बंद होती. ऊन फार, म्हणून ते प्रार्थनामंदिराच्या दारात सावलीला उभे राहिले. आत आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालली होती आणि त्यांची बायको गल्लीतली नावं एकेक करून घेत होती. त्यात एका गेलेल्या माणसाचं नाव आलं, त्याच्या विधवेसाठी. डॉक्टरांनी मला सांगितलं, "तो माझा पेशंट होता, ताई. माझ्या हातात गेला. आणि ते नाव ऐकलं तेव्हा मला चेहरा आठवेना. हिला आठवत होता. मग वाटलं, ही ज्याला सांगते आहे त्यालाही आठवत असणार." त्यानंतर ते बाहेर बसले नाहीत.

आता खिडकीबद्दल सांगायला हवं. तपासणीच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती मागांच्या बाजूला उघडायची. डॉक्टरांचा सगळा भर कानावर. छातीचा फोटो काढायचा तर पेशंटला लांब जावं लागायचं, कामाची पाळी बुडायची, म्हणून बरेचजण जायचेच नाहीत. तेव्हा डॉक्टर नळी लावून ऐकायचे, डोळे मिटून, पाठीवर एकेक जागा सोडत, इतका वेळ की पेशंट घाबरायचा. आणि ऐकायचं म्हणजे खिडकी लावणं आलं, दार लावणं आलं, नाहीतर छातीतल्या आवाजाऐवजी मागच ऐकू यायचे. खिडकी डॉक्टर स्वतः लावायचे, कडी जरा घट्ट होती. बाई पेशंटच्या समोर बसून त्याचे खांदे धरायच्या आणि आधी गुजरातीत, मग हिंदीत, मग अहिराणीत खोल श्वास घ्यायला सांगायच्या. पेशंट श्वास घ्यायचा, सोडायचा, खोकायचा, त्यांच्या तोंडासमोर. त्या बंद खोलीत सकाळपासून दुपारपर्यंत हे चालायचं. मी बाहेर पट्ट्या बांधत असायचे. गंमत अशी की जाताना प्रत्येकाला बाई बजावायच्या, घरात खिडक्या उघड्या ठेव रे, हवा खेळू दे. दोघांनाही सगळं ठाऊक होतं. पण ज्याचं दुखणं नेमकं ओळखायचं त्याचं नीट ऐकलं पाहिजे, हे त्यांना त्याहून जास्त ठाऊक होतं.

बाई खोकायला लागल्या तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण त्या गल्लीत न खोकणारं कोण होतं? त्या म्हणायच्या, खळीची धूळ आहे. मागाचं सूत ताठ राहावं म्हणून त्याला खळ लावतात, ती सुकून उडते आणि सगळ्यांच्या घशात बसते, हे खरंच आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या छात्या ऐकणाऱ्या माणसाने घरातल्या खोकल्याकडे कान दिला नाही. बाई हडकल्या तेव्हा मीच म्हटलं, फोटो काढा. निघाला तो नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय होता. मोठ्या दवाखान्यातले उपचार झाले, गोळ्या बदलल्या, रोजची सुई सुरू झाली, त्या सुयांनी कान गेले. ज्यांनी इतक्या लोकांना श्वास घ्यायला सांगितलं त्यांना शेवटी शेवटी दोन शब्दांमध्ये थांबून श्वास शोधावा लागायचा. डॉक्टर त्यांच्याजवळ बसून मोठ्याने प्रार्थना करायचे. त्या त्यांच्या ओठांकडे बघत राहायच्या. एकदा बाईंनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "यांच्याकडे लक्ष ठेव. माझ्यामुळे आले होते इथे. माझ्यानंतर त्याला सोडून देतील." त्याला म्हणजे कुणाला, हे मला विचारावं लागलं नाही. त्यांना मरणाची भीती वाटलेली मी पाहिली नाही. ही एकच वाटत होती.

माती झाली त्या दिवशी माझ्या सासूने मला खाली बघायला लावलं. पेटीजवळ मंडळी गाणं म्हणत उभी होती, आणि ही मध्येच पुढे गेली, कनवटीतून हिरव्या बांगड्या काढल्या आणि म्हणाली, सवाशीन गयी ती, मोकळा हातखाल कशी धाडतस? पाळक गोंधळले. ते सज्जन गृहस्थ होते, पण असं काही त्यांच्या रीतीत नव्हतं. सगळे डॉक्टरांकडे बघू लागले. डॉक्टरांनी त्या बांगड्या घेतल्या आणि बाईंच्या हाताशी ठेवल्या.

त्यानंतर दवाखाना बंद राहिला. मी रोज येऊन कुलूप काढायचे, झाडायचे, आलेल्या लोकांना परत पाठवायचे. डॉक्टर वर असायचे. मंडळीतले लोक जिना चढून जायचे आणि देवाची इच्छा, देवाची योजना असं काहीबाही बोलून उतरायचे. त्यांचा हेतू चांगला होता. वर पवित्र शास्त्र उघडं नव्हे, मिटलेलं पडलेलं असायचं, आणि त्याच्यावर चष्म्याचं घर ठेवलेलं. बाईंनी ज्याची धास्ती घेतली होती ते समोर दिसत होतं, आणि मी काही त्यांच्या धर्मातली नव्हते की समजूत घालावी. मग एका सकाळी नंदुरबारकडची एक बाळंतीण आली, कडेवर मूल, आणि तिचा खोकला मला पायरीवरूनच ओळखू आला. मी वर गेले आणि सांगितलं की खाली पेशंट आहे आणि मी डॉक्टर नाही.

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "ताई, खिडकी मी लावायचो."

इतके लोक येऊन गेले होते, सगळ्यांनी त्यांना नाही नाही म्हटलं असणार. मला तसं म्हणता आलं नाही. ते खरं होतं, आणि ते खोटं ठरवलं असतं तर त्यांना पुन्हा एकट्यालाच ते धरून बसावं लागलं असतं. मी म्हटलं, "हो, तुम्हीच लावायचात. आणि तुम्ही लावायचात म्हणून माझी सासू जिवंत आहे. खाली ती बाई उन्हात उभी आहे."

ते खाली आले. त्या बाळंतिणीला त्यांनी आत नेलंच नाही. मागच्या जिन्याने गच्चीवर नेलं, भर वाऱ्यात स्टुलावर बसवलं आणि नळी लावली. आवाज तिथेही होता, पण त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं, आणि एकाही जागेबद्दल खात्री झाली नाही तेव्हा चिठ्ठी देऊन मला सोबत धाडून तिचा फोटो काढवला. त्यानंतर छातीची तपासणी कायम गच्चीवर झाली, आणि अवघड पेशंट असले की आठवड्याच्या सुट्टीला, माग बंद असताना.

दवाखाना चालू झाला, पण मला राहवेना. बाईंनी माझ्यावर टाकलेलं काम दवाखान्याचं नव्हतं. रविवारी ते उपासनेला जातात एवढं कळत होतं. तिथे गाण्यात तोंड उघडत नाहीत, प्रार्थनेला मान लववत नाहीत, हेही कुणीतरी सांगितलं. शेवटी मी सरळ विचारलं, की डॉक्टर, तुमचा देव आहे की गेला? ते हातांना साबण लावत होते. म्हणाले, "अबोला आहे आमचा. तिचं काम करतो, त्याच्या घरी जातो. बोलायचं मात्र नाही." हे मी घरी सासूला सांगितलं आणि म्हटलं, मला तर लक्षण बरं दिसत नाही. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग काही भेव नही. अबोला घरना माणूससंगेच धरतस." मी त्यावर विचार केला आणि मला ते पटलं, पण पुरतं नाही. घरोघरचे अबोले मी पाहिलेत. काही सणाला सुटतात, काही माणसाबरोबर जातात.

त्यांचा सुटला नाही. वर्षं गेली. गल्लीतले माग बदलले, नवे आले, ते वेगळ्या आवाजात वाजायला लागले. सासू म्हातारपणाने गेली, कोरडी ठणठणीत छाती घेऊन. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहायला गेलो आणि मला अमरोलीत काम मिळालं. डॉक्टरांनी वय झाल्यावर दवाखाना बंद केला. पुतणे न्यायला आले तर गेले नाहीत, वरच्या खोलीतच राहिले. हृदय मोठं झालं होतं, पाय सुजायचे. माझ्या सुट्टीला मी खिचडी घेऊन जायचे. बोलायचे ते पेशंटांबद्दल, भाज्यांबद्दल, माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दल. त्यांच्या अबोल्याला मी हात लावत नसे.

शेवटच्या भेटीत दुपार होती. खाली एका शिवणकामवाल्याने दुकान घातलं होतं, त्याची मशीन थांबून थांबून चालत होती. डॉक्टर उशांना टेकून बसले होते, कारण आडवं झालं की दम लागायचा. खिचडी नको म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ताई, तुम्ही रोज देवापाशी दिवा लावता ना? म्हटलं, लावते. ते थांबले, श्वास गोळा केला. नवरा-बायकोत अबोला असला की घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. समोरासमोर बसलेले असतात, आणि तिसऱ्याला सांगतात, तुझ्या बाबांना विचार, जेवायला वाढू का. अगदी त्याच आवाजात, जरा तुटक, जरा दुसरीकडे बघत, ते म्हणाले, "माझ्याकडून एक विचारा त्याला. तिला आता श्वास नीट घेता येतो का, एवढंच."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खिचडीचा डबा तसाच परत आणला.

कुठल्या देवाला विचारायचं हे त्यांनी सांगितलं नव्हतं. माझ्या देव्हाऱ्यात आमची कानबाई आहे, खंडेराव आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा लावला आणि त्यांच्यासमोरच विचारलं, स्पष्ट शब्दांत, मोठ्याने, जसं परक्या घरी निरोप सांगताना आपण बोलतो तसं. पुढे तो योग्य जागी पोचवणं हे त्यांचं त्यांनी बघून घ्यावं. उत्तर मिळेल अशी मी समजूत करून घेतली नव्हती आणि ते मिळालंही नाही. पुढच्या सुट्टीला मी बमरोलीला गेले ते डॉक्टरांच्या मातीला. पाळक नवे होते, तरुण. ते म्हणाले की बंधू शेवटपर्यंत विश्वासात राहिले. मी मागे उभी होते. ते बरोबर म्हणाले की चूक, हे त्या सगळ्या माणसांत फक्त मी सांगू शकले असते, आणि मलाही नक्की सांगता आलं नसतं.

निरोप नेणाऱ्याचं काम विचित्र असतं. ज्याने पाठवला तो गेला तरी निरोप आपल्याकडे राहतो, आणि उत्तर आलं नाही तोवर पोचवला असं म्हणता येत नाही. मला बाईंची फार आठवण येते असं मी म्हणणार नाही. कामात दिवस जातो, घरी मुलीचं लग्नाचं चाललं आहे. पण सकाळी दिवा लावला की मी तेवढं विचारते. बाईंना श्वास नीट घेता येतो का. आता त्यात मी डॉक्टरांचंही विचारते. मग वात पुढे सारते आणि कामावर निघते.